इवायाच्या गाठीला किती वेढे

महादेवप्पांचा फोन वाजला की आमच्या गल्लीतले लोक टीव्ही बंद करतात. चालू ठेवून तरी काय ऐकू येणार? अप्पांची पक्की समजूत आहे की फोनमधून आवाज अर्धाच जातो, उरलेला अर्धा आपणच हवेतून उदगीरपर्यंत पोचवायचा असतो. त्यांचा आवाज काढायचा तर आधी छातीत हवा भरायची, मान कबुतरासारखी मागे न्यायची आणि मग सोडायचं: "हालो. हां. मी बोलून राहिलो. हां, मीच. म्हंजे कसं हाय..." हे "म्हंजे कसं हाय" नीट जमलं की अप्पा जमले. पुढचं नाही आलं तरी चालतं. पुढं काय येणार ते बऱ्याचदा अप्पांनाही माहीत नसतं.

अप्पा आमच्या गावचे, देवणी तालुक्यातले. थोडी सोयाबीन, थोडा मका, गोठ्यात देवणी गाई, घरात शिवगंगाकाकू, आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुरघासाच्या गाठी बांधायचं मशीन. हिरव्या मक्याची कुट्टी करायची, ती हवा लागू न देता मुरवायची आणि उन्हाळ्यात जनावरांना घालायची, याचं नाव मुरघास. अप्पांचं मशीन ती कुट्टी दाबून कमरेएवढी गोल गाठ करतं, ती सुटू नये म्हणून जाळीनं बांधतं, मग गाठ गरगर फिरवत तिच्यावर ताणलेल्या पांढऱ्या प्लास्टिकचे वेढे देतं. प्लास्टिक हे पुस्तकातलं नाव झालं. आमच्याकडं त्याला कागद म्हणतात. शेततळ्यात अंथरतात तो कागद, टरबुजाच्या वाफ्यावर पसरतात तो कागद. शाळेत ज्याच्यावर लिहितात त्याला पेपर म्हणतात.

अप्पांना वस्तू झाकायचा फार शौक. टीव्हीचा रिमोट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलाय. पाच नंबरचं बटण दाबलं की सहाही दाबलं जातं, मग बातम्या लावायला गेलेला माणूस कुस्ती बघत बसतो. दिवाणावरच्या गादीचा कागद दुकानातून आला तसाच आहे. पाहुणा टेकला की असा आवाज होतो की पाहुणा स्वतःच दचकून उठतो. भिंतीवरचं घड्याळ खोक्यातल्या पिशवीसकट टांगलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या घरात वेळ अंदाजे कळते.

"मला न्हाई गुंडाळलं ह्यांनी," शिवगंगाकाकू म्हणतात. "तेवढंच नशीब."

असा माणूस, आणि त्याच्या हाती गुंडाळायचं मशीन आलं.

मशीन आलं त्या दिवशी पूजा होती. नारळ फुटला, लिंबू-मिरची बांधली, पहिली गाठ निघाली आणि तिला झेंडूचा हार घातला. आता अगरबत्ती कुठं लावायची? एरवी केळात खोचतात. केळं गोऱ्ह्यानं खाल्लं होतं. अप्पांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि पेटलेल्या अगरबत्त्यांचा जुडगा खस्सकन गाठीतच खोचला. सगळ्यांनी हात जोडले. फोटो निघाले. फोटोत गाठ मोठी प्रसन्न दिसते.

मुरायचे दिवस भरल्यावर ती गाठ फोडली, तर भोकाभोवती ताटाएवढी काळी बुरशी. वास असा की गाईनं एकदा हुंगलं आणि अप्पांकडं बघितलं, लग्नात खोटं सोनं घातलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं.

"तुम्ही भोकं पाडली," काकू म्हणाल्या.

"अगरबत्तीनं कुठं मुरघास नासत असतो का? देवाची हाय ती."

"देवाची असंल. भोक तुमचं हाय."

"म्हंजे कसं हाय," अप्पा म्हणाले, "कागद कमी पडला."

झालं. मशीन देणाऱ्यानं सहा वेढे सांगितले होते. अप्पा पुढच्याच गाठीपासून दहावर गेले. गाठी अशा दिसायच्या की जणू कुणी शेडमध्ये गाद्यांचं दुकान टाकलंय. लोकही खूष. जाड म्हणजे चांगलं, हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि गाठ फोडल्यावर तो एवढा कागद जायचा कुठं? बाभळीवर. ओढ्याच्या पुलाखाली. गेल्या पावसात पुलाचा पाइप त्यानं असा तुंबला की ओढा रस्त्यावरून चालत शाळेपर्यंत आला. पोरांना सुट्टी मिळाली, म्हणून पोरांमध्ये अप्पांना फार मान आहे.

या सगळ्याचा खरा ताप झाला तो मंजुश्रीला. मंजुश्री ही अप्पांची एकुलती एक लेक, उदगीरच्या पलीकडं दिली आहे. तिच्या सासरी मोठा गोठा. धारा तिच्याकडं, चारा तिच्याकडं, आणि अप्पांच्या गाठी तिथंच जातात, म्हणजे त्या सोडायच्याही तिनंच. मंजुश्री बोलते भराभर, स्वल्पविरामसुद्धा घेत नाही. एकदा फोनवर म्हणाली, आणि फोन अप्पांचा असल्यामुळे अख्ख्या गल्लीनं ऐकलं:

"अप्पा तुमची गाठ सोडायला बसले की चहा गार होतो दुसरा करते तो बी गार होतो. विळा मारावा तर चिंध्या होतात चिंध्या चाऱ्यात जातात. आतली जाळी वेगळीच, ती गाईच्या शिंगात अडकली परवा, गाय जाळी घालून फिरून राहिली नवरीसारखी. कागद गोठ्यामागं टाकला तर वाऱ्यानं हिरीत, पेटवला तर घरभर वास, सासूबाई म्हणतात तुझ्या माहेरचा वास हाय."

"असं म्हणल्या?"

"हसून म्हणल्या. म्हणल्या मात्र."

यंदा मक्याचं कणीस चिकात आलं तेव्हा ती दोन दिवस माहेरी आली आणि तिनं बापाला समोर बसवलं. मका तोडल्या तोडल्या कुट्टी करू नका, थोडा सुकू द्या. मूठ दाबून बघा, हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. गाठ घट्ट दाबा, हवा आतच राहिली तर वरून पन्नास वेढे देऊन उपयोग नाही. आत प्लास्टिकची जाळी नको, सुतळी बांधा. आणि वेढे सहा.

"चार करू का मग?" अप्पा जरा टोचून म्हणाले.

"चार न्हाई. गेल्या साली तुमचा रोल संपला होता तेव्हाची एक गाठ चारची आली होती, ती कडेनं पांढरी पडली. तेव्हाचीच सहाची एक होती, ती बेस निघाली. सहा म्हणजे सहा."

"अन् नासल्या तर?"

तेव्हा मंजुश्री पहिल्यांदा हळू बोलली. "तर मग माझं संपलं तिथं. मी सासरी सगळ्यांपुढं बोलून बसलेय, अप्पा. यंदा कागद निम्म्यावर येईल, न्हाई आला तर गोठ्यातलं मी काही सांगणार न्हाई, ते म्हणतील तसं. मामा म्हणले, बघू. तुम्हाला माहीत हाय त्यांचं 'बघू' कसं असतं."

अप्पांना माहीत होतं. मामा म्हणजे मंजुश्रीचे सासरे, अप्पांचे व्याही, आमच्या भाषेत इवाई, शिवप्पा. त्यांचं पुढं येईलच.

गाठी बांधायच्या दिवशी अप्पांचे हाल बघवत नव्हते. म्हणजे बघायला अर्धं गाव जमलं होतं, ते वेगळं. अप्पा घाबरले की कन्नडमध्ये मोजतात. गाठ फिरायला लागली की सुरू: "वंदू... एरडू... मूरू... नाल्कू... ऐदू... आरू..." आणि सहा झाल्यावर बटण दाबायला हात पुढं जाईना. गाठ आपली फिरतेय. सातवा सुरू होणार तेवढ्यात काकूंचा हात आला. तिसऱ्या गाठीला काकूंनी खुर्चीच बटणाजवळ ओढून घेतली.

"एकच," अप्पा म्हणायचे. "वरून एक. हलकासा."

"बसा तिकडं."

"उघडी दिसून राहिली गं ती."

"गाठ हाय. लाजत न्हाई ती."

गाठी ओढत न्यायच्या नाहीत, कागद फाटतो, म्हणून अप्पांनी प्रत्येक गाठ दोघांना उचलायला लावली. खाली भुसकट पसरलं, कावळे टोचू नयेत म्हणून वरून जाळं टाकलं. रोज सकाळी दात घासत शेडमध्ये जायचे आणि गाठींना हात लावून यायचे, ताप आहे का बघावं तसे. दिवस भरल्यावर एक गाठ फोडली. रंग पिवळसर हिरवा, वास इडलीच्या आंबलेल्या पिठासारखा. गाईनं तोंड घातलं ते वर काढलंच नाही. अप्पांनी गाईची पाठ थोपटली. मग फोन लावला आणि सगळ्या गल्लीला कळवलं की मंजूचं बरोबर होतं.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण माल न्यायला टेम्पो घेऊन शिवप्पा स्वतः आले.

शिवप्पांचा आवाज काढणं अवघड आहे, कारण तो जवळजवळ नसतोच. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलणं असं की समोरच्याला पुढं वाकावं लागतं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "आम्ही काय बोलत न्हाई." हे म्हणून झालं की ते अर्धा तास बोलतात. दुसरी खूण म्हणजे चिमूट. कुठलंही कापड दिसलं की ते अंगठा आणि बोटात धरून चोळून बघतात. मंजुश्रीच्या लग्नात अप्पांनी दिलेली शाल त्यांनी अशीच चोळली आणि म्हणाले, "उन्हाळ्यात बरी." त्या दोन शब्दांनी अप्पा आजही झोपेत कूस बदलतात.

"शरणू, इवाई," अप्पा अंगणातच वाकले.

"शरणू."

चहा झाला. गादीचा कागद वाजला, शिवप्पा दचकले नाहीत, नुसते थोडे सरकले. मग सगळे शेडकडं निघाले: पुढं शिवप्पा, मागं अप्पा, काकू, टेम्पोवाला वीरभद्र, आणि ज्यांना दुसरं काम नव्हतं असे आम्ही सगळे.

शेडमध्ये दोन ढीग होते. एक यंदाचा, इवायाचा. दुसरा गेल्या हंगामातला, नायगावकडच्या सोमेश नावाच्या दूधवाल्यानं सांगून ठेवलेला आणि अजून न नेलेला. दहा वेढ्यांचा. गुबगुबीत. शेजारी यंदाच्या गाठी अशा दिसत होत्या की आतला मका हिरवट हिरवट डोकावत होता.

शिवप्पा थांबले. हात पुढं गेला. चिमूट.

आधी आपल्या गाठीला. मग सोमेशच्या गाठीला. मग परत आपल्या.

"ह्या कोणाच्या?"

"त्या व्हय, त्या नायगावच्या एका गिऱ्हाइकाच्या."

"अन् ह्या?"

"ह्या तुमच्या. ताज्या. यंदाच्या."

"हितं आतलं बोटाला लागून राहिलंय," शिवप्पा हळूच म्हणाले. "तितं लागत न्हाई."

"म्हंजे कसं हाय..."

"किती वेढे हे?"

"सहा."

"अन् गिऱ्हाइकाला?"

अप्पांनी पत्र्याकडं बघितलं. पत्र्यावर काही लिहिलेलं नव्हतं. "दहा," ते म्हणाले.

"आम्ही काय बोलत न्हाई," शिवप्पा म्हणाले, आणि सुरू झाले. त्यांच्या आजोबांच्या काळात इवाई आला की बैलाची झूल बदलायचे. त्यांच्या थोरल्या भावाला एका लग्नात काठ नसलेला टॉवेल मिळाला होता, ते घर आता त्यांच्याकडं येत नाही. कागद किती लागतो, मुरघास कसा मुरतो, यात त्यांना पडायचं नाही. पण नायगावच्या परक्या माणसाला रजई आणि सख्ख्या इवायाला पातळ चादर, हे उदगीरमध्ये कळलं तर लोक काय म्हणतील? ते स्वतः काही म्हणत नाहीत. लोकांचं सांगतायत.

"अवं इवाई, ह्ये वेढे म्हंजे काय आहेर हाय का?" काकू म्हणाल्या.

"आम्ही कुठं आहेर म्हणलो? तुमच्या तोंडून आलं."

अप्पांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. साखरेत मीठ पडल्यावर आचाऱ्याचा होतो, तसा. लेकीचं ऐकावं तर इवाई, इवायाचं ऐकावं तर लेक. इवायाला नाही म्हणायचं म्हणजे काय करायचं, हे अप्पांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. लेकीला काय, समजावता येतं.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "आत्ता देतो की वरून चार वेढे. सगळ्याच गाठींना. रोल हाय. तुम्ही आणखी एक चहा घ्या, तोवर..."

"मंजूचे अप्पा," काकू म्हणाल्या. "पोरीनं काय सांगितलंय?"

"पोर हाय ती. हे इवाई हायत."

आणि खरंच एक गाठ उचलून मशीनवर ठेवली गेली. मशीन गुणगुणायला लागलं. "येळू..." अप्पा मोजायला लागले. "एंटू..." शिवप्पा हात मागे बांधून बघत होते, मुंजीत मामानं बघावं तसे.

तेवढ्यात फोन वाजला. मंजुश्री. अप्पांनी नेहमीच्या सवयीनं स्पीकर लावला, कारण कानाला लावून त्यांना विश्वास वाटत नाही.

"अप्पा निघाला का टेम्पो?"

"निघतोच हाय."

"हे मशीन कशाला चालू हाय?"

"ट्रॅक्टर हाय तो."

"ट्रॅक्टर असा गुंऽऽ करत न्हाई."

गाठ फिरत होती. नववा वेढा बसत होता, आणि कधी नव्हे ते तो मोजायला कुणी नव्हतं.

"मामा शेजारी हायत का?" मंजुश्रीनं विचारलं.

"हाव."

पलीकडं शांतता झाली. मंजुश्री आणि शांतता, हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. मग ती म्हणाली, "बरं, अप्पा. तुम्हाला जड जात असंल तर द्या. पाठवा दहाच्या. मी सोडत जाईन." आणि फोन ठेवला.

ती भांडली असती तर अप्पांनी दहाचे बारा केले असते. भांडणाला त्यांच्याकडं उत्तर असतं. पण ते "मी सोडत जाईन" शेडमध्ये तसंच राहिलं. अप्पांनी मशीनकडं बघितलं. पुढं होऊन बटण दाबलं. गाठ अर्ध्या वेढ्यात थांबली, कागदाचं शेपूट लोंबत राहिलं.

"इवाई," अप्पा म्हणाले. आवाज फोनवरचा नव्हता, साधा होता, म्हणून सगळ्यांनी कान दिला. "म्हंजे कसं हाय. जाड पाह्यजे असतील तर ह्या सोमेशच्या घेऊन जा. सगळ्या जाडच हायत. त्याला मी दुसऱ्या देईन."

शिवप्पांनी मान हलवली. हे ठीक होतं.

"पण सोडायच्या तुम्ही."

"आं?"

"मंजूनं न्हाई. गड्यानं न्हाई. रोज गाठ तुम्ही सोडायची. मान तुमचा हाय ना, मग दुसऱ्यानं कशाला हात लावायचा त्याला?"

वीरभद्रानं खोकल्यासारखं केलं आणि टेम्पोच्या चाकाकडं बघायला गेला. चाकाला काही झालं नव्हतं.

"आम्ही काय गाठ सोडली न्हाई व्हय कधी?" शिवप्पा म्हणाले.

"कधी?"

शिवप्पा विचारात पडले. प्रामाणिक माणूस आहे, खोटं सुचेना. "त्यात काय अवघड हाय?" ते शेवटी म्हणाले. "आणा."

सोमेशची एक गाठ मधे आणली. काकूंनी विळा पुढं केला. शिवप्पांनी तो हातानंच बाजूला सारला. कागदाला कुणी विळा लावतं का.

आधी टोक सापडेना. त्यांनी गाठीला एक प्रदक्षिणा घातली, नखानं खरवडत. दुसरी प्रदक्षिणा उलट्या बाजूनं. टोक सापडलं, धरून ओढलं, तर कागद तुटायचं सोडून लांबायला लागला. हातभर, दोन हात, शिवप्पा मागं मागं जातायत आणि कागद त्यांच्याबरोबर येतोय. तुटला तेव्हा असा फटकन तुटला की ते दोन पावलं सोमेशच्या ढिगावर जाऊन टेकले. उठले. धोतर झटकलं. झटकताना हाताचा कागद धोतराला चिकटला. धोतरावरून काढला तर कोपराला. कोपरावरून काढायला गेले तर टोपीला, आणि टोपी कागदाबरोबर निघून आली. तेवढ्यात वारा सुटला. दुपारचा आमच्या माळावरचा वारा बघून येत नाही. सुटलेला सगळा कागद एकदम वर उठला आणि शिवप्पांच्या खांद्यावरून, डोक्यावरून, चष्म्यावरून शालीसारखा उतरला.

"काढू का?" अप्पांनी विचारलं.

"आम्ही काय बोललो का?" आतून आवाज आला.

चार थर निघाले, अजून आतली जाळी दिसायची होती. वासरू आलं आणि लोंबणारं टोक चघळायला लागलं. शिवप्पांनी ते त्याच्या तोंडातून ओढलं, वासराला वाटलं खेळ आहे, त्यानं परत धरलं. दोघांची थोडी ओढाताण झाली. वासरू जिंकतंय असं वाटत असताना काकूंनी त्याला हाकललं. शेवटी कागद संपला आणि जाळी लागली. जाळीत शिवप्पांची अंगठी अडकली. अंगठीसकट बोट सोडवायला अप्पा आणि वीरभद्र दोघं लागले.

गाठ सुटली तेव्हा शिवप्पांच्या गुडघ्याएवढा कागदाचा ढीग पडला होता आणि विभूतीचे तीन पट्टे घामानं एक झाले होते. ते त्या ढिगाकडं बघत उभे राहिले.

"एवढ्याचं करतात काय?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरी काय करतात?"

"असतो मागं."

"मागं कुठं?"

"गोठ्याच्या मागं. जातो वाऱ्यानं."

"कुठं जातो?"

शिवप्पांनी ढिगातलं एक टोक उचललं. मग नेहमीपेक्षाही हळू म्हणाले, "आमच्या हिरीत पांढरं तरंगून राहिलं होतं. मी गड्याला बोललो, बगळा पडलाय, काढ."

यावर कुणी हसलं नाही. म्हणजे लगेच हसलं नाही.

मग इवायाची, सहाची, गाठ आणली. काकूंनी चाकूनं वरून खालपर्यंत एक चीर दिली आणि कागद एका तुकड्यात काढला, लहान पोराचा सदरा काढावा तसा. सुतळी कापली. झालं. शिवप्पांनी दोन्ही गाठींतला मुरघास मुठीत घेऊन हुंगला. दोन्ही चांगले होते. "जाडीतला जरा बरा," ते म्हणाले, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं. वासरू परत आलं आणि त्यानं दोन्हीकडं सारखंच तोंड मारलं. वासराला मानपान नसतो.

शिवप्पांनी टोपी झटकून डोक्यावर बसवली. अप्पा हात जोडायच्या बेतात उभे, जुळत आलेले हात परत सोडतायत. लेकीचं काय ठरणार ते आता त्या टोपीखाली होतं.

"ह्याच न्या," शिवप्पा वीरभद्राला म्हणाले. सहाच्या ढिगाकडं बोट होतं. "पण इवाई, एक हाय."

"बोला."

"नायगाववाल्याला आमच्यापेक्षा जाड न्हाई. ह्या असतील त्या असू द्या, बांधून झाल्यात. इथून पुढं त्याला बी सहा."

"हाव."

"त्यालाच न्हाई. कुणालाच न्हाई. आमच्या इवायाच्या शेडातून सहाच्या वर वेढा निघाला, असं उदगीरला कळता कामा नये."

"न्हाई निघणार," अप्पा म्हणाले.

आणि निघत नाही. सोमेश आला होता परवा पुढच्या गाठी सांगायला. दहाच पाहिजेत म्हणून अडून बसला. अप्पांनी त्याला गादीवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "इवायाला सहाच्या दिल्यात, सोमेश. तुला दहाच्या दिल्या तर माझ्या पोरीनं तिथं नांदायचं कसं?" सोमेशला मुरघासातलं काही पटलं नव्हतं, पण हे लगेच पटलं. त्याच्याही घरात लग्नाची बहीण आहे.

टेम्पो पोचल्यावर चार-पाच दिवसांनी मंजुश्रीचा फोन आला. गल्लीनं टीव्ही बंद केले.

"गाठी बेस हायत अप्पा एक नासली न्हाई. कागद एका तुकड्यात निघतोय, धुऊन दोरीवर वाळत घालून राहिलेय, उदगीरचा भंगारवाला म्हणला स्वच्छ असंल तर नेतो. शेजारच्या मावशी विचारून राहिल्या, एवढी धोतरं कोणाची."

"अन् इवाई?"

"ते गोठ्यातच असतात. गाठ मला सोडू देत न्हाईत. खुर्ची टाकून बसतात अन् गड्याला सांगतात, चीर वरून दे, सरळ दे, वासराला धर. काल सासूबाईंना बी सोडून दाखवली."

"म्हंजे गोठा आता त्यांच्याकडं गेला व्हय?" अप्पांचा आवाज पडला.

"न्हाई वं. सगळ्यांना बसवून सांगितलं त्यांनी, चाऱ्याचं अन् कागदाचं सूनबाईला विचारायचं, पुढच्या साली किती गाठी ते तीच ठरवंल. दुधाचं मी बघतो म्हणले."

"दुधाचं ते बघतात?"

"दुधाचं बी मीच बघते, अप्पा," मंजुश्री म्हणाली. "पण म्हणू द्या की."